जंगलाच्या हक्काची रात्र

दरवर्षी 5 नोव्हेंबरपासून राज्यात पक्षी सप्ताह सुरू होतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबरचा आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकारने 2020 पासून पक्ष्यांच्या नावे केला. चितमपल्ली यांचे 18 जून 2025 रोजी सोलापुरात निधन झाले, त्यामुळे 2025 चा सप्ताह त्यांच्या पश्चातला पहिलाच ठरला. या सप्ताहात शाळाशाळांत चित्रकला स्पर्धा होतात, तलावांच्या काठी दुर्बिणी लागतात, वनविभागाच्या कार्यालयांत व्याख्याने होतात. हे सारे व्हायलाच हवे. पण घाटंजीसारख्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्याने या निमित्ताने वेगळ्या विषयाला हात घालावा, असे आम्हाला वाटते. तो विषय डोळ्यांना दिसत नाही, पंचनाम्यात येत नाही आणि उपग्रहाच्या नकाशावरही उमटत नाही. तो म्हणजे जंगलात आणि जंगलाच्या धुऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांचा आवाज.

टिपेश्वर अभयारण्य 148.63 चौरस किलोमीटरचे. 1997 मध्ये जाहीर झालेले हे जंगल पांढरकवडा आणि घाटंजी या दोन तालुक्यांत पसरले आहे. वाघांच्या जगात हे क्षेत्र लहानच. त्याभोवती कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती, कोलामांचे पोड, बंजारा समाजाचे तांडे, पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग 44 आणि त्यापलीकडे वणीच्या पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणी. जंगलाची हद्द खांब रोवून दाखवता येते. आवाज मात्र तो खांब मानत नाही.

सोयाबीनच्या हंगामात रात्री एखाद्या शिवारात उभे राहिले म्हणजे हे कळते. दिवसभर वाट पाहून एकदाचा हडंब्याचा, म्हणजे मळणी यंत्राचा, नंबर लागलेला असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर यंत्र जोडले जाते, गंजीवरचे प्लास्टिक निघते, चार-पाच जण पेंढ्यांचे कवळे भरून तोंडात घालू लागतात. इंजिनाची घरघर, आतल्या ड्रमचा खडखडाट, पंख्याचा घोंघाट आणि भुसा उडतानाचा सळसळाट एकमेकांत मिसळतात. दोन माणसे शेजारी उभी असली तरी हातवारे करून बोलतात. एका शेतातले आटोपले की यंत्र पुढच्या शेतात. पावसाचा ढग दिसला तर पहाटेपर्यंत थांबायचे नाव नाही. यात कुणाचाही दोष नाही. मजूर मिळत नाही, भाव टिकत नाही, आणि भिजलेल्या सोयाबीनला बाजारात कुणी विचारत नाही. पण त्याच रात्री धुऱ्यापलीकडच्या सागवनात काय घडत असते, याचा हिशेब आपण कधीच केलेला नाही.

जंगलात ऐकणे हे पाहण्याहून मोठे हत्यार आहे. झाडीत नजर पन्नास-शंभर पावलांवर अडते, कान पुढे जातात. वानर उंच फांदीवरून वाघ-बिबट पाहतो आणि खाकरतो, खाली चरणारे चितळ मान वर करते, मग चितळाचा धोक्याचा आवाज, त्यामागून सांबराचा, मध्येच मोराचा. वाघ न दिसताही तो कोणत्या नाल्याने निघाला आहे हे अर्धे जंगल जाणते. टिपेश्वरातले गाइडही पर्यटकांना वाघ दाखवतात ते याच ‘कॉल’वर. घुबडाचे तर सारे पोटच कानांवर चालते. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात केवळ सळसळीवरून उंदीर पकडते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. वटवाघळे, रातवे, बेडूक, रातकिडे या सगळ्यांचे जोडीदार शोधणे, हद्द सांगणे, पिल्लांना बोलावणे आवाजावरच चालते. वाघाची डरकाळी तीन किलोमीटरपर्यंत जाते, ती कुणीतरी ऐकावी म्हणूनच.

आता यंत्र काय करते ते पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलचे गणित फसवे आहे. एक हडंबा सुरू असताना त्याच्या शेजारी तेवढ्याच आवाजाचा दुसरा सुरू केला, तर डेसिबलचा आकडा दुप्पट होत नाही. तो फक्त तीनने वाढतो. माणसाच्या कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. पण पार्श्वभूमीचा आवाज तीन डेसिबलने चढला की प्राण्याला ज्या परिसरातले बारीक आवाज ऐकू येत होते तो परिसर निम्मा होतो. दहा डेसिबलने चढला तर त्यातला नव्वद टक्के भाग हातचा जातो. अमेरिकेतील बार्बर, क्रूक्स आणि फ्रिस्ट्रप या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हे गणित मांडले. प्राणी तिथेच असतो, झाडही तिथेच असते, फक्त त्याचे जग आक्रसून अंगणाएवढे होते. वनविभागाच्या नोंदीत मात्र जंगलाचे क्षेत्र तेवढेच राहते.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते. रस्ता आला की झाडे तुटतात, धूर येतो, गाड्यांखाली जनावरे मरतात. मग दोष आवाजाचाच कशावरून? याचे उत्तर अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका नामी प्रयोगाने दिले. 2012 च्या स्थलांतराच्या हंगामात तिथल्या संशोधकांनी एका डोंगरावर, जिथे रस्ता नाही तिथे, सुमारे अर्धा किलोमीटर अंतरात झाडांवर भोंगे टांगले आणि वाहतुकीचा ध्वनिमुद्रित आवाज सोडला. चार दिवस सुरू, चार दिवस बंद. डांबर नाही, गाडी नाही, धूर नाही, केवळ आवाज. आवाज सुरू असलेल्या दिवसांत तिथल्या पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढच्या अभ्यासात दिसले की जे पक्षी थांबले तेही नीट पोसले गेले नाहीत. शत्रूची चाहूल ऐकू येईना, म्हणून ते वारंवार मान वर करून पाहत राहिले आणि चोच खाली कमी गेली. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची, त्याच दिवसांत ही उपासमार. नोव्हेंबरमध्ये आपल्या तलावांवर आणि माळांवर उतरणारे पाहुणे पक्षीही असाच लांबचा प्रवास करून आलेले असतात.

दुसरा दाखला न्यू मेक्सिकोतला. तिथे वायुविहिरींवर रात्रंदिवस चालणारे कॉम्प्रेसर होते. संशोधक क्लिंटन फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटाच्या आणि शांत जागांची तुलना केली. पाइनचे बी जमिनीत पुरून ठेवणारा, आणि त्यामुळे नकळत झाडे लावणारा, नीळकंठासारखा रंगीत असा एक पक्षी गोंगाटाच्या जागा टाळत होता. परिणाम असा की शांत जागी पाइनची रोपे गोंगाटाच्या जागेपेक्षा चौपट निघाली. म्हणजे आवाजाने पक्षी हलतो आणि पक्षी हलला की काही वर्षांनी जंगलच बदलते. आपल्याकडे वड-पिंपळाचे, चाराचे, टेंभुर्णीचे बी कोण वाहते? पक्षी, वानर, अस्वल आणि वटवाघूळ. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही ही खोट दीर्घकाळ राहते, कारण झाड एका हंगामात उगवत नाही.

वाघाचे काय? हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांची विष्ठा तपासून 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. पर्यटनाच्या हंगामात ताणाची संप्रेरके वाढलेली आढळली आणि त्याचा संबंध गाड्यांच्या व पर्यटकांच्या संख्येशी लागला. त्यात केवळ आवाजाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण एका वाघाभोवती दहा-बारा जिप्सी घरघरत, मागेपुढे होत उभ्या राहिल्या म्हणजे तो ताण कशाचा असावा, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

या साऱ्याला तोंड द्यायला प्राण्यांनी एकच वाट काढली आहे. ते रात्रीकडे सरकले आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने 62 सस्तन प्रजातींची माहिती एकत्र केली, तेव्हा माणसाचा वावर असलेल्या ठिकाणी प्राण्यांचे निशाचरपण सरासरी 1.36 पटीने वाढलेले दिसले. याचे उदाहरण तर आपल्याच जंगलाने देशाला दिले. टिपेश्वरातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरची ही चाल शेतांतून, गावांच्या कडेने, रस्ते ओलांडत झाली. ‘वॉकर’ या नावाने जगभर गाजलेल्या या वाघाने दिवस नाल्याखोऱ्यांत काढला आणि अंतर कापले ते मुख्यतः रात्री. दिवस माणसाचा, रात्र जंगलाची, असा एक न लिहिलेला करार त्याने पाळला.

तो करार मोडत आहोत ते आपण. गेल्या काही वर्षांत यंत्रे वाढली, आणि त्याहून अधिक वाढले त्यांचे रात्रीचे तास. हडंबा रात्री, रेतीचा ट्रॅक्टर रात्री, जेसीबी रात्री, महामार्गावरचे अवजड ट्रक रात्री. त्यात हिवाळ्याची भर. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो आणि दिवसापेक्षा कितीतरी दूर पोहोचतो. दुपारी जे इंजिन दोन शेतांपलीकडे ऐकू येत नाही, तेच नोव्हेंबरच्या मध्यरात्री कोसावर ऐकू येते. ज्या रात्रीत प्राण्यांनी आसरा घेतला तिथेच आपला आवाज सर्वांत लांब पोहोचतो आहे.

या आवाजाने माणूसही बहिरा होतो, हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, धुऱ्यालगत कापूस वेचणाऱ्या बायाबापड्यांना वानराचे खाकरणे ऐकू आले की त्या घोळका करून मागे सरतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे शहाणपण कानात राहते. कानाशी ब्रश कटर किंवा फवारणीचा पेट्रोल पंप वाजत असेल तर ते कामाचे नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या टापूत टी-1 वाघिणीच्या नावे 13 माणसांचे बळी नोंदले गेले, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. तिच्या शोधमोहिमेत हत्ती आणले, ड्रोन उडवले, पॅराग्लायडर मागवला. 2025 मध्ये त्या घटनेला सात वर्षे झाली. या काळात माणूस आणि वाघ यांना वेगळे ठेवण्यासाठी आपण कुंपणांचा, पिंजऱ्यांचा, भरपाईचा विचार केला. एकमेकांची चाहूल लागणे हा संघर्ष टाळण्याचा सर्वांत जुना आणि फुकटचा उपाय आहे, याचा विचार केला नाही.

इथे शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही. तो रात्री रानात का असतो? एक तर रोही आणि रानडुकरांपायी जागल करावी लागते म्हणून. एका रात्रीत कळपाने हरभरा लोळवला तर त्याचे वर्ष जाते. म्हणून फटाके, डबे, आता बॅटरीवर चालणारे कुत्र्यांच्या भुंकण्याचे भोंगे. डुकरे त्या भोंग्याला चार दिवसांत सरावतात, बिचकतात ते इतर सगळे. दुसरे कारण विजेचे. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. मध्यरात्रीची पाळी असली की ओलितासाठी तो मोटारसायकल घेऊन निघतो, हॉर्न वाजवत, मोबाइलवर गाणी लावून, कारण त्याला भीती वाटते. विजेचा पंप स्वतः फारसा ओरडत नाही, त्याच्यामागे निघालेला सारा लवाजमा ओरडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला तो शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. जंगलालगतच्या फिडरांना त्यात पहिला मान मिळाला, तर एकाच निर्णयात शेतकऱ्याची झोप, त्याचा जीव आणि जंगलाची रात्र अशा तीन गोष्टी वाचतील. दिवसाची वीज ही वन्यजीव संरक्षणाची योजना आहे, हे मंत्रालयात एकदा कुणीतरी ठणकावून सांगायला हवे.

कायद्याकडे वळावे तर तिथे जंगल जवळजवळ बेवारस आहे. हवा प्रदूषण कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने आवाजालाही प्रदूषक मानले गेले. पुढे 2000 मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. त्यात औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता अशी चार क्षेत्रे. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा 50, रात्री 40. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांचा विचार झाला, जंगलाचे नाव नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 27 अभयारण्यात प्राण्याची छेड काढायला मनाई करते, पण रात्रभर चाललेले इंजिन ही छेड आहे असे आजवर कुणी गंभीरपणे मांडलेले दिसत नाही.

तरीही दार बंद नाही. याच नियमांत, सक्षम प्राधिकरणाने घोषित केलेले इतर कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र होऊ शकते, अशी तरतूद आहे. 2017 नंतर त्यासाठी राज्य सरकारची अधिसूचना लागते, एवढेच. अशी घोषणा झाली की रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे तिथे चालवता येत नाहीत आणि हॉर्नवर बंदी येते. म्हणजे टिपेश्वर आणि त्याच्या कडेचा ठरावीक पट्टा शांतता क्षेत्र करण्यासाठी नवा कायदा नको, संसद नको, फक्त एक अधिसूचना हवी.

हे व्यवहार्य नाही म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे. कर्नाटकातल्या बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गांवर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद आहे. केरळकडून सतत विरोध होऊनही ती बंदी टिकली. दुसरे उदाहरण आपल्या दारातून जाणाऱ्या महामार्ग 44 चेच. नागपूर-सिवनी टप्प्यात पेंचच्या जंगलातून जाताना या रस्त्याला प्राण्यांसाठी भुयारी मार्ग दिले, त्यांतला सर्वांत लांब 750 मीटरचा. काही भागांत आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंतीही उभारल्या. वाघांसह अनेक प्राणी त्या मार्गांखालून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. तोच रस्ता दक्षिणेला पांढरकवड्यावरून टिपेश्वरच्या कडेने तेलंगणात उतरतो. टिपेश्वर, पैनगंगा, ताडोबा आणि पलीकडचे कवल यांना जोडणाऱ्या या टापूला पेंचचेच निकष लागले पाहिजेत. वाघ एकाच रस्त्यावर एका जागी शहाणपणाने आणि दुसऱ्या जागी दैवावर ओलांडत असेल, तर ते नियोजन कसले?

वनविभागाने सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. कूपतोडीचे चेनसॉ, वनतळ्यांसाठीचे जेसीबी, मुरमाचे टिप्पर ही सगळी यंत्रे विभागाच्याच हुकमावर चालतात. त्यांचे तास सूर्योदयानंतर दोन तासांनी सुरू व्हावेत आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपावेत. पहाट आणि संध्याकाळ हाच पक्ष्यांच्या गाण्याचा आणि प्राण्यांच्या हालचालीचा वेळ. पर्यटनाच्या गाड्यांनी वाघ दिसताच इंजिन बंद करण्याचा नियम कागदावरून जमिनीवर यावा आणि टप्प्याटप्प्याने विजेवर चालणाऱ्या गाड्या याव्यात. पाणवठ्यांवर अनेक ठिकाणी सौरपंप बसले, तेव्हा डिझेल इंजिने आपोआप गप्प झाली. पर्याय असतो, ठरवावे लागते. शिवाय प्रगणनेच्या कॅमेऱ्यांच्या जोडीला काही ध्वनिमुद्रक बसवले तर जंगल किती ऐकू येते, याची वर्षावार नोंद राहील. न मोजलेल्या नुकसानाला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

आवाजाचे एक बरे आहे. तोडलेले झाड उभे व्हायला पन्नास वर्षे लागतात, आटलेला नाला भरायला अनेक पावसाळे. आवाज मात्र कळ फिरवली त्याच क्षणी संपतो. आयडाहोतल्या त्या डोंगरावर भोंगे थांबले की पक्षी परतत होते. जंगलाच्या इतर दुखण्यांना पैसा लागतो, जमीन लागते. या दुखण्याला बहुतांशी फक्त वेळापत्रक लागते.

आणि ते वेळापत्रक मुंबईहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घाटंजी तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 5 तर वनहक्कधारकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला जंगल व वन्यजीवांच्या रक्षणाचा थेट अधिकार देते. जंगलालगतच्या गावांनी ठराव करावा. धुऱ्यापासून अमुक अंतरात रात्री दहानंतर हडंबा, जेसीबी, भोंगे बंद. पावसाचे संकट असेल तर सरपंचांच्या परवानगीने सूट. त्या बदल्यात जंगलकाठच्या शेतकऱ्याला मळणीचा नंबर आधी, दिवसा वीज आधी आणि रोही-रानडुकरांच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत, ही मागणी तहसीलदार आणि वनाधिकाऱ्यांपुढे त्याच ठरावात ठेवावी. दिले तर घेता येते, हा व्यवहार शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. तालुक्यातल्या दहा गावांनी असा ठराव केला, तर जिल्हाधिकाऱ्यांना तो राज्य सरकारकडे पाठवावाच लागेल आणि शांतता क्षेत्राची अधिसूचना मागणारा तो राज्यातला गावपातळीवरचा ठोस प्रस्ताव ठरेल. येत्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा. तो तिथे आणण्याचे काम सरपंचांचे, आणि सरपंच विसरले तर उठून विचारण्याचे काम गावकऱ्यांचे.